कोतवाल बुकातली नोंद

आमच्या उर्दू शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराची जुनी पाने उघडली, तर असे दिसते की मोहल्ल्यातली निम्मी माणसे जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मली आहेत. पुण्या-साताऱ्याकडे हा मान एक जूनला आहे. विदर्भात उन्हापायी शाळा उशिरा उघडतात, म्हणून आमच्याकडे एक जुलै. बाप मुलाचा हात धरून यायचा, हेडमास्तर पैदाइश विचारायचे, बाप खाली पाहायचा. मग मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचे. चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे एक जुलै लिहायचे. बी.एड.ला असताना दाखल-खारीज रजिस्टर हा कायम जतन करायचा अभिलेख असल्याचे आम्ही पाठ केले होते. त्यातली तारीख अशी कानावरून येते, हे पुस्तकात नव्हते. तीस जूनला एकाच मंडपात चार-चार जणांचे सेवानिवृत्तीचे निरोप समारंभ का होतात, हेही नोकरीला लागल्यावरच उमगले.

यात मास्तरांचा दोष काढावा असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्यापुढे मूल उभे होते आणि त्याला वर्गात बसवायचे होते. पण त्यामुळे आपल्या लोकांत एक समजूत घट्ट बसली की, जन्माचा दाखला म्हणजे शाळेचा दाखला, टी.सी. आहे ना, मग झाले. टी.सी. मूल शाळेत आल्याची साक्ष देते. मूल कोठे जन्मले, कोणाच्या पोटी जन्मले, हे सांगणारी वही निराळी असते आणि ती बहुतेक वेळा आपण शोधतो त्या गावात नसते.

कारण साधे आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा म्हणतो की, जन्म जेथे झाला तेथेच त्याची नोंद होते. बापाचे घर, रेशनकार्ड, मतदारयादी कुठलीही असो. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण मुलीच्या माहेरी. म्हणजे अकोल्याच्या माणसाचा थोरला मुलगा कारंज्याच्या, पातूरच्या नाहीतर नांदुऱ्याच्या वहीत असतो, आणि बाप आयुष्यभर अकोल्याच्या खिडकीवर 'नोंद आढळत नाही' ऐकतो. आमच्या भाईजानचे असेच झाले. परदेशातल्या नोकरीसाठी त्याला जन्माचा दाखला हवा होता. दोन महिने अकोल्यात शोधल्यावर खालाने फोनवर सांगितले की, तो तर नानांच्या घरी झाला, दाई रात्री बैलगाडीने आणली होती. ग्रामपंचायतीत गेल्यावर पंधरा मिनिटांत नोंद निघाली. वडिलांच्या नावापुढे 'राहणार अकोला' असेही नीट लिहिले होते. त्या पंधरा मिनिटांच्या कामाला दोन महिने लागले, कारण तोवर घरातल्या एकाही पुरुषाने बाळंतपण कुठे झाले हे कोणा बाईला विचारले नव्हते.

ही झाली एका नोकरीची गोष्ट. २०१९ च्या हिवाळ्यात मामला मोठा झाला. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आसामची अंतिम नागरिक यादी आली, तिच्याबाहेर १९ लाखांवर माणसे राहिली. डिसेंबरात नागरिकत्व कायद्याची दुरुस्ती संसदेत मंजूर झाली. देशभराची तशी यादी अजूनपर्यंत झालेली नाही, परंतु त्या हिवाळ्यात मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोखंडी पेट्या पलंगाखालून बाहेर आल्या. झेरॉक्सवाल्यांना रात्री दहापर्यंत उसंत नव्हती. आम्हीही कायदा काढून वाचला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक जण तरी नागरिक असला पाहिजे. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. (येथेही एक जुलैच! वाचून हसू आले.)

आमचा जन्म १९८८ चा, अकोल्याच्या लेडी हार्डिंगमधला. दाखला लॅमिनेट केलेला, सही-शिक्क्यासह. पण कायदा वाचल्यावर कळले की, आमचा दाखला एकटा पुरेसा नाही; त्याला अम्मीचा किंवा अब्बांचा हात धरावा लागतो. अब्बा २०११ साली गेले. त्यांचा जन्म बुऱ्हाणपूरकडच्या एका खेड्यातला; तिकडून 'नोंद उपलब्ध नाही' एवढा एक कागद आला. राहिली अम्मी. अम्मीजवळ होता चौथी पासचा दाखला, आणि त्यावर जन्मतारीख १ जुलै १९६०.

अम्मीला आम्ही विचारले की, खरी तारीख काय. तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, "बकरीद होके आठ रोज हुवे थे. मेरे बाद पाँच दिन में मिरग लगा." हे तिला नानीने सांगितलेले. नानीने तिच्या जन्माचे साल कधीच सांगितले नाही, कारण साल तिच्या कामाचे नव्हते. ईद तिला ठाऊक होती आणि मृग तिला ठाऊक होता, कारण एकीला कुर्बानी असते आणि दुसऱ्याला पेरणी.

आम्ही विज्ञान-गणित शिकवतो. त्या रात्री अम्मीचे वाक्य आम्हाला एखाद्या उदाहरणासारखे दिसले. मृग दर वर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतो, तो सूर्याबरोबर चालतो. बकरीद चंद्राबरोबर चालते आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. १९६० साली बकरीद जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. तिच्यानंतर आठ दिवस मोजले तर मृग लागून गेलेला. १९६२ साली ती मेच्या मध्यावर. तेव्हा आठ दिवसांनंतर मृगाला दोन आठवडे बाकी. १९६१ साली मात्र बकरीद मेच्या शेवटच्या आठवड्यात आली. तिच्यात आठ मिळवा, मृगातून पाच वजा करा, दोन्हीकडून उत्तर जूनच्या दोन-तीन तारखेवर येते. एका निरक्षर बाईने दोन पंचांगांची गाठ मारून मुलीचा जन्म बांधून ठेवला होता आणि आमच्या शाळाखात्याने त्याच्यावर एक जुलै १९६० लिहून दिले होते.

पण उत्तर वहीत सापडल्याशिवाय त्याला कोण मानणार? शोध सुरू करणार तोच मार्च २०२० उजाडला आणि टाळेबंदीत सारे जिथल्या तिथे राहिले. पुढे आजारपणे, मुलांच्या ऑनलाइन तासिका. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली.

ती परत बाहेर काढायला कारण झाले आमचे शेजारी. आम्ही जठारपेठेत भाड्याने राहतो. शाळा मोर्णेपलीकडे जुन्या शहरात. जठारपेठेत आमच्या नावाला घर मिळणे सोपे नव्हते. मिळाले ते या शेजारच्या काकांच्या शब्दावर. काका महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. काकूंचे माहेर हिंगोलीकडचे, म्हणजे जुन्या निजामी मुलखातले. २०२३ च्या अखेरीस मराठवाड्यात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम चालू होते, कुणबी नोंदींसाठी गावोगावचे जुने दप्तर तपासले जात होते, आणि हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत असल्यामुळे त्यातले बरेचसे दप्तर कुणालाच वाचता येत नव्हते. काकूंच्या भावाने दोन पानांची झेरॉक्स आणली. काकांनी ती आमच्यापुढे ठेवली. "मॅडम, हे तुमच्या भाषेतलं हाय. पाहा बरं काय लिवलं त."

शिकस्ता वळणाची घाईची उर्दू होती, नुक्ते अर्धे गळालेले. दोन संध्याकाळी लागल्या. खातेदाराचे नाव, बापाचे नाव आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ 'कुणबी'. काकूंचा भाऊ त्या तीन अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिला. वाचता येत नव्हते, तरी पाहत राहिला.

चहा पिताना आम्ही अम्मीची गोष्ट काढली. काका म्हणाले, "ते शायेत नाई सापडन. कोतवाल बुकात पाहा लागते."

कोतवाल बुक हा शब्द आम्ही पहिल्यांदा नीट ऐकला. वाचकांपैकी पुष्कळांना जातीच्या दाखल्यापायी तो माहीत असेल. १९६९ चा कायदा येण्यापूर्वीपासून वऱ्हाडातल्या खेड्यांत जन्म-मृत्यूची वही ठेवली जाई. सरकारी भाषेत तो गाव नमुना चौदा. लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, कारण गावात कोण जन्मले, कोण गेले ही खबर कोतवाल देई. काका सांगत होते की, कोतवालाला लिहिता येत नसले तर पोलीस पाटील किंवा गुरुजी लिहून देत. या वह्या पुढे तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा होत गेल्या. अर्ज करायचा, कोर्ट फीचे तिकीट लावायचे, गाव आणि साल लिहायचे आणि नक्कल मागायची. काकांनी अर्जाचा मसुदा स्वतः सांगितला. "आईचं नाव टाकू नका," म्हणाले, "नाव नसतेच त्यात. बापाचं नाव टाका न् 'मुलगी' लिवा. आन् एक साल नाई, पाच सालं मागा." जठारपेठ चौकातल्या टायपिंगवाल्याकडून तो अर्ज आम्ही टाइप करून घेतला.

नानांचे गाव आज वाशिम जिल्ह्यात आहे. १९६१ साली ते अकोला जिल्ह्यात होते; वाशिम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. (पुन्हा एक जुलै. आता आम्ही हसणे सोडून दिले आहे.) त्यामुळे वही तालुक्याला आहे, जुन्या जिल्ह्याला आहे की नव्या, याचा उलगडा होण्यात २०२४ चा उन्हाळा गेला. गावांची नावे घेत नाही. एका खिडकीवर सांगितले की, वह्या वाळवीने खाल्ल्या. दुसऱ्या खिडकीवर विचारले की, साठीच्या बाईला आता जन्माचा दाखला कशाला. तिसऱ्या ठिकाणी मात्र एक तरुण लिपिक निघाला. त्याने अर्जातले 'पाच सालं' वाचले, आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "ताई, बसा. धूळ हाय, नाकाले रुमाल लावा." लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे त्याने एकेक करून खाली उतरवले. चौथ्या गठ्ठ्यात नानांच्या गावाची वही होती.

पानाचा कागद बदामी झालेला. अक्षर देवनागरी, पण वळण मोडीचे, ओळीवर ओळ चढलेली. रकाने मोजके: अनुक्रम, तारीख, मूल मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात, कोणी खबर दिली. नानांचे नाव आम्हाला ओळखायलाच वेळ लागला, कारण लिहिणाऱ्याने 'शेख'चे 'शे.' करून पुढचे सगळे एका दमात ओढले होते. तारीख ३ जून १९६१. मूल: मुलगी. जातीच्या रकान्यात 'मुसलमान'. बाळाच्या नावाला रकानाच नव्हता आणि आईच्या नावालाही नव्हता.

आम्हाला रडू आले नाही. आम्ही बोटावर मोजले, तीन जून, मृगाला पाच दिवस. नानीचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता.

पण लिपिकाने पान मागे उलटले आणि विचारले, "ताई, हे बी तुमच्याच आजोबाचं हाय ना?" १९५९ च्या पानावर तेच नाव, तेच गाव, मुलगी. अम्मीला तीन बहिणी. थोरल्या खालाचा जन्म १९५६ चा, धाकट्या दोघींचे अम्मीनंतरचे. मग १९५९ ची ही कोण? नाव कोणाचेच लिहिलेले नाही. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने विचारले की, तुमची आई १९६१ ची कशावरून, १९५९ ची का नाही, शाळेत तर १९६० लिहिले आहे, तर आमच्यापाशी उत्तर काय?

तेथूनच थोरल्या खालाला फोन लावला. खाला थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली की, एक होती. दूध पीत होती तेव्हाच गेली, थंडीत. नानीने तिचे नाव परत घरात घेऊ दिले नाही, म्हणून तुझ्या अम्मीला कोणी सांगितलेच नाही. लिपिकाने काही न विचारता वहीची मागची बाजू काढली. तेथे मृत्यूंच्या नोंदी असतात. जानेवारी १९६० च्या पानावर ओळ होती: नानांचे नाव, मुलगी, वय महिने सात, कारण ताप.

आम्ही दोन्ही जन्मांची आणि त्या मृत्यूची अशा तीन नकला मागितल्या. नकलेवर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शिक्का पडला, सही झाली, तारीख पडली. आज अम्मीचा जन्म जो कागद सिद्ध करतो, त्याला त्या सात महिन्यांच्या बहिणीच्या मृत्यूचा कागद टाचलेला आहे. अम्मीला तो कसा दाखवावा याची आम्ही एसटीत बसून जुळवाजुळव करत होतो. घरी तिने स्वतःच फाईल उघडली आणि तिन्ही कागद लावून पाहिले. मराठी ती अडखळत वाचते. "इसका नाम क्या रक्खे थे?" एवढेच विचारले. खालालाही ते आठवत नव्हते.

हे सर्व २०२४ च्या पावसाळ्यापूर्वी झाले, याचे महत्त्व आम्हाला पुढल्या जानेवारीत कळले. ज्यांची कुठल्याच वहीत नोंद नाही, त्यांच्यासाठी कायद्यात उशिराच्या नोंदीची वाट आहे. जन्म एकवीस दिवसांत कळवला तर काही लागत नाही. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षाच्या आत लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद (२०२३ च्या दुरुस्तीपूर्वी शपथपत्र लागे). वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. कोर्टापेक्षा तहसील जवळची, म्हणून लोकांनी गर्दी केली. जानेवारी २०२५ मध्ये मालेगावच्या दाखल्यांवरून आरोप झाले की, बांगलादेशी आणि रोहिंगे या वाटेने घुसले. अकोला-अमरावतीची नावे त्याच बातमीत आली. शासनाने हे दाखले देणे थांबवले, विशेष तपास पथक नेमले, मार्चमध्ये पुराव्यांची नवी कडक पद्धत आणली. नायब तहसीलदारांच्या सहीचे दाखले, त्यांना तो अधिकार नव्हता म्हणून, रद्द करण्याचे आदेश निघाले.

कोणी खोटे कागद केले असतील तर त्याला जरूर पकडावे. आम्ही रोज मुलांच्या कागदांवर सह्या करतो, खोट्या कागदाने खऱ्या माणसाचे किती नुकसान होते ते आम्हाला ठाऊक आहे. पण सही करणाऱ्याला अधिकार होता की नाही, हे अर्जदार बाईने कसे ओळखावे? तिने खिडकी पाहिली, रांग लावली, पावती घेतली. आमच्या वर्गातल्या एका मुलाची आई असा दाखला पदराआड धरून शाळेत आली. तिला विचारायचे होते की, हा घरात ठेवला तर पोलीस येतील का.

तेव्हापासून पालक सभेत आम्ही शेवटची दहा मिनिटे या कामाला ठेवली आहेत. अगोदर जुनी नोंद शोधा आणि तिची नक्कल घ्या. ती नक्की नाही असा लेखी कागद हाती आला, तरच उशिराच्या नोंदीचे नाव काढा. जुन्या नोंदीच्या नकलेवर संशय घ्यायला सहसा कोणी धजत नाही, कारण ती लिहिणाऱ्याला आजचे भांडण ठाऊक नव्हते. आणि शोध बापाच्या गावातून सुरू करू नका. बाळंतपण कुठे झाले, दाई कोण होती, तेव्हा शेतात काय होते, हे आईला, मावशीला, आजीला विचारा. बापलोक सभेला फारसे येत नाहीत, हे या कामी बरेच झाले. बायका एकमेकींना आठवण करून देतात.

नव्या मुलांचे दुखणे वेगळे आहे. त्यांचे दाखले आहेत, संगणकावरचे, मराठी-इंग्रजी दोन्ही. पण उर्दूत ज़ेर-ज़बर लिहीत नाहीत. एकच नाव दवाखान्यात जुबेर होते, आधारवर झुबेर आणि आमच्या रजिस्टरात ज़ुबैर. 'मोहम्मद'चे 'मो.' झाले की संगणक त्याला निराळा मुलगा समजतो. २०२४ च्या अखेरीस अपार क्रमांकाची मोहीम निघाली, तेव्हा आमच्या एकट्या वर्गात अकरा मुले स्वतःशीच जुळत नव्हती. जन्मनोंदीतले नाव नीट करायला आणि रिकामे असल्यास पंधरा वर्षांच्या आत भरायला कायद्यात सोय आहे. आईबापांना ती पहिलीतच सांगावी, दहावीचा फॉर्म आल्यावर नव्हे.

दाखला पदराआड आणणाऱ्या त्या आईला आम्ही विचारले की, तुझी अम्मी तुझ्या जन्माचे काय सांगते. म्हणाली, रमजान चालू होता आणि तुरी सोंगणे चालले होते, सहरीला उठली आणि कळा सुरू झाल्या. गाव बाळापूर तालुक्यातले, बाळंतपण घरीच. तिचे वय पाहता हे १९९७, ९८ किंवा ९९ च्या जानेवारीतले असावे. त्या तिन्ही वर्षी रमजान तुरीच्या सोंगणीत आला होता. काकांनी अर्ज पाहून दिला आहे. तिन्ही सालांच्या वह्या पाहाव्यात असे त्यात लिहिले आहे आणि बापाच्या नावापुढे फक्त 'मुलगी'.